कुंपणाआधीचे पाच फूट



मागच्या महिन्यात पाठशाळा सुटल्यावर चहा घेत होतो, तेव्हा नुकतेच घर घेतलेल्या एका मुलीने विचारले, "काकू, मागच्या अंगणात सामानासाठी लाकडी शेड घ्यायची आहे. परमिट लागतं का हो?" टेबलाभोवतीच्या चार-पाच जणी एकदमच म्हणाल्या, "छे गं, छोट्या शेडला काही लागत नाही!" मी गप्प बसले. घरी आल्यावर मात्र ते गप्प बसणे टोचत राहिले. कारण काही वर्षांपूर्वी हेच वाक्य मी ऐकले होते, त्यावर विश्वास ठेवला होता, आणि त्याची किंमत आमच्या शेजारणीने मोजली. म्हणून आज स्वयंपाकघर सोडून मागच्या अंगणाविषयी लिहिते आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. शेड लहान असो की मोठी, ती आणण्यापूर्वी आपल्या गावाच्या झोनिंग कचेरीत विचारावे, आणि हद्दीपासून जेवढे अंतर सोडायला सांगतील तेवढे पुरते सोडावे. दंड होईल या भीतीने नव्हे. ती पट्टी कागदावर आपली असली, तरी ती मोकळी राहण्यावर शेजाऱ्याचा हक्क असतो, म्हणून.

आमच्या घरची गोष्ट

आम्ही न्यू जर्सीत राहतो. घरामागे थोडे गवत, आणि एका बाजूला शेजारच्या बाईंचे जुने लाकडी कुंपण. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे, एकट्याच राहायच्या. आमची मुले त्यांना आजीच म्हणायची.

आमच्या गराजमध्ये गाडी सोडून सगळे काही होते. गवत कापायचे यंत्र, लहान झालेल्या सायकली, भारतवारीच्या बॅगा, पर्वात समाजाच्या जेवणाला लागणारी मोठी पातेली. शेवटी ह्यांनी १० बाय १२ फुटांची शेड ठरवली. विकणारा म्हणाला, "दोनशे चौरस फुटांच्या आत आहे, परमिट लागत नाही." आम्हाला तेच ऐकायचे होते. सकाळी ट्रक आला, दुपारपर्यंत शेड उभी. उन्हाचा तुकडा मेथी-कोथिंबिरीला मोकळा राहावा म्हणून मीच सांगितले, "कुंपणाकडे सरकवा." कुंपणापासून दीड फूट. हे मी सांगितले होते, ह्यांनी नाही. म्हणून मुद्दाम लिहिते.

आजींचा टोमॅटोचा वाफा कुंपणाच्या पलीकडच्या बाजूला होता. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी टोमॅटो वाफ्यात लावलेच नाहीत, पायऱ्यांवर कुंड्या मांडून त्यांत लावले. मला वाटले, वयामुळे वाकवत नसेल. मी कौतुकाने म्हणालेसुद्धा, "कुंड्या किती छान दिसतात!" त्या हसल्या.

पुढच्या वर्षी त्यांनी घर विकून मुलीकडे जायचे ठरवले. घर घेणाऱ्यांनी जमिनीचा सर्वे करून घेतला आणि तेव्हा सगळे उघड झाले. कुंपण हद्दीवर नव्हतेच. कोणे काळी त्यांच्या यजमानांनी ते स्वतःच्या जागेत एक फूट आत घेऊन उभारले होते. म्हणजे आम्ही कुंपणापासून दीड फूट मोजले, पण खऱ्या हद्दीपासून आमची शेड सहा इंचांवर होती, आणि तिच्या छपराची कड त्यांच्या जागेत लोंबत होती. आमच्या गावात अशा शेडला हद्दीपासून ५ फूट सोडावे लागतात. घर घेणारे थांबले. आजींच्या वकिलाचे पत्र आले. व्यवहार तीन आठवडे लांबला. बांधलेल्या खोक्यांमध्ये बसून त्यांनी ते दिवस काढले.

मी ओशाळून त्यांच्याकडे गेले. तेव्हा कळले की वाफ्यात छपराचे पाणी साचत होते. मुळे कुजायची, आणि दुपारनंतर ऊनही येत नव्हते. मी विचारले, "मग तुम्ही सांगितले का नाही?" त्या म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही गावाला विचारूनच ठेवली असणार. मग मी कशाला तक्रार करू?"

हे वाक्य मला अजून ऐकू येते.

"परमिट लागत नाही" म्हणजे नेमके काय?

विकणारा खोटे बोलला नव्हता. पण तो अर्धेच बोलला होता. इथेच आपण सगळ्या फसतो, म्हणून नीट सांगते.

परवानग्या दोन वेगळ्या असतात. एक बांधकामाची. शेड मजबूत आहे का, वाऱ्यात उडणार नाही ना, वीज नीट घेतली आहे का, हे ती पाहते. दुसरी झोनिंगची. शेड जमिनीवर कुठे आहे, हद्दीपासून किती लांब, किती उंच, आणि आपल्या प्लॉटचा किती भाग आधीच झाकलेला आहे, हे ती पाहते. न्यू जर्सीत एक-दोन कुटुंबांच्या घराची २०० चौरस फुटांपर्यंतची, १० फुटांपर्यंत उंचीची, पाणी-गॅस-सांडपाण्याची जोडणी नसलेली शेड बांधकाम परवान्यातून सुटते. झोनिंगमधून सुटतेच असे नाही. तो नियम प्रत्येक गावाचा आपापला. विकणारे सांगतात ती पहिल्या परवान्याची सूट, आणि आपण ऐकतो ती दोन्हींची.

दुसऱ्या राज्यांतल्या मैत्रिणींनी आमचा २०० चा आकडा उचलू नये. बांधकाम परवान्याची सूट न्यूयॉर्क राज्यात १४४ चौरस फुटांपर्यंत आहे, कॅलिफोर्नियात साधारण १२० पर्यंत, तर पेनसिल्व्हेनियात एका कुटुंबाच्या घराच्या अशा जोड-बांधकामाला १,००० चौरस फुटांच्या आत सूट आहे. इतका फरक! पण या सगळ्या ठिकाणी हद्दीपासूनच्या अंतराचा प्रश्न वेगळा उभा राहतोच.

या अंतराला इथे सेटबॅक म्हणतात. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरला बंगला बांधलेल्या कोणालाही विचारा, तो 'सामासिक अंतर' म्हणेल. महाराष्ट्रात २०२० च्या डिसेंबरपासून मुंबई आणि काही भाग सोडून बहुतेक ठिकाणी एकत्रित नियमावली लागू झाली, तिच्यातही ते आहेच. माझ्या माहेरी घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये अशी एक बोळ होती. गल्लीतल्या बहुतेकांनी आपापल्या बोळीवर पत्रा टाकून अडगळीची खोली केली. आमच्या वडिलांनी केली नाही. आई कुरकुरायची, "सगळ्यांनी केली, आपणच कसे मागे?" वडील म्हणायचे, "ती बोळ आपल्यासाठी नाही, वाऱ्यासाठी आहे." लहानपणी मला ते हटवादी वाटायचे.

पाच फुटांत असते काय?

"रिकामी पट्टी सोडून कोणाचे भले होते?" असे ह्यांनी तेव्हा विचारले होते. मी हिशेब केला.

आमच्या शेडचे छप्पर १२० चौरस फूट. एक इंच पाऊस पडला की त्यावरून सुमारे ७५ गॅलन, म्हणजे जवळजवळ २८० लिटर पाणी उतरते. दुपाखी छप्पर असल्यामुळे त्यातले निम्मे आजींच्या बाजूला. शेड नसताना हे पाणी गवतावर पसरून मुरत होते. आता ते एका रेघेत, एकाच जागी पडत होते. पाच फूट मोकळे गवत असते तर ते आमच्याच जमिनीत मुरले असते.

दुसरे कारण आगीचे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांचे घरबांधणीचे नियम ज्या नमुना-संहितेवर आधारलेले आहेत, तिच्यात घराची भिंत हद्दीपासून ५ फुटांच्या आत असेल आणि आग विझवणारे फवारे नसतील, तर ती तासभर आग अडवणारी असावी लागते. लहान शेडला यातून सूट आहे. पण विचार करा, आपण शेडमध्ये ठेवतो काय? पेट्रोलचा डबा, रंग, रिकामी खोकी. (प्रोपेनचा सिलिंडर तर बंद शेडमध्ये कधीच ठेवू नका.) कागदावर सूट मिळाली म्हणून आगीला ती कळत नाही.

तिसरे कारण मला शेड हलवताना दिसले. त्या दीड फुटात तीन वर्षांत एकदाही झाडू गेला नव्हता. माणूस शिरणारच नाही, तर झाडू कसा जाणार? ओली पाने कुजली होती, त्यात अळ्या, गोगलगायी, बुरशी. आपण पाणी गाळून वापरणाऱ्या, भाजी निवडताना पानापानाला उलटून बघणाऱ्या बायका. आणि स्वतःच्या हाताने जीव उपजायची आणि आपल्याच हालचालीने मरायची जागा मी तयार करून ठेवली होती. जिथे हात पोचत नाही तिथे यत्नाचार कसा पाळणार?

आपल्या व्रतांत हे बसते का?

मी पंडित नाही. पण तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय आपण पर्वात दरवर्षी ऐकतो. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत एक आहे 'विरुद्धराज्यातिक्रम'. राज्याने घातलेली मर्यादा डावलणे हा चोरीच्या व्रताला लागणारा दोष मानला आहे. मला आधी वाटायचे, हे व्यापाऱ्यांसाठी असेल, जकात चुकवणाऱ्यांसाठी. आता वाटते, सहा इंचांवरच्या शेडसाठीही आहे. मी आजींचे काही उचलून आणले नव्हते. पण त्यांचे ऊन घेतले, कोरडी माती घेतली, घर विकतानाचे तीन आठवडे घेतले. यातले काहीच त्यांनी मला दिले नव्हते. न दिलेले घेणे यालाच अदत्तादान म्हणतात ना?

आणि परिग्रह परिमाणाच्या अतिचारांत पहिलेच नाव आहे क्षेत्र-वास्तूचे, म्हणजे जमीन आणि घर ठरवलेल्या प्रमाणाबाहेर वाढवणे. श्रावकाचाराच्या ग्रंथांत याची एक पळवाट सांगितली आहे. एकच घर ठेवण्याचे व्रत घेतलेला माणूस शेजारचे घर घेतो, मधली भिंत पाडतो आणि म्हणतो, "घर एकच आहे." वाचून हसू येते. पण "ही काही इमारत नाही, नुसती शेड आहे" हे आमचे म्हणणे याहून फार वेगळे होते का?

"आपलीच तर जागा आहे"

या विषयावर बोलले की मैत्रिणी तीन गोष्टी सांगतात.

पहिली, "आपल्या जागेत आपण काय ठेवू ते आपण ठरवू." जागा आपली, पण पाणी, सावली आणि आग हद्द ओळखत नाहीत. हा वाद इथे शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात झोनिंग वैध ठरवले, आणि पुढच्याच वर्षी व्हर्जिनियातल्या रोनोक शहराच्या खटल्यात रस्त्यापासून अंतर सोडायला लावणारा सेटबॅकचा नियमही.

दुसरी, "सगळेच करतात, कोणी बघायला येत नाही." खरे आहे. कचेरीतला माणूस अंगणाअंगणातून फिरत नाही, तक्रार आली तरच येतो. पण याचा अर्थ नीट बघा. नियम तक्रारीवर चालत असेल, तर भांडखोर शेजाऱ्याला त्याचे संरक्षण मिळते आणि सोशिक शेजाऱ्याला मिळत नाही. आजी भांडखोर असत्या तर पहिल्याच महिन्यात त्यांचा वाफा वाचला असता. त्या चांगल्या होत्या, म्हणून त्यांचे नुकसान झाले. ज्याचा चांगुलपणा आपल्याला सोयीचा पडतो, त्याच्या बाबतीत आपण जास्त जपायला हवे.

तिसरी तक्रार मला मान्य आहे. नियम समजायला कठीण असतात. कोपऱ्यावरच्या प्लॉटला बऱ्याच गावांत दोन्ही रस्त्यांकडच्या बाजू 'पुढची बाजू' धरतात, म्हणजे शेडला जागाच उरत नाही. नियम पन्नास पानांच्या वकिली भाषेत दडलेले असतात. गावांनी एका पानावर, चित्रासह, हे छापून घर घेणाऱ्याच्या हातात द्यायला हवे. आणि जिथे नियम खरोखरच जाचक होतो, तिथे अपवाद मागायची वाट आहे. न्यू जर्सीत त्यासाठी मंडळापुढे सुनावणी होते, आणि आपल्या जागेपासून २०० फुटांच्या आतल्या सगळ्या मालकांना आधी नोटीस द्यावी लागते. मला ही नोटिशीची पद्धत फार आवडली. आपल्याला सवलत हवी, तर ज्याला झळ लागणार त्याला आधी विचारा.

शेड घेण्यापूर्वी हे करा

१. घर घेतानाच्या कागदांत सर्वे असतो, तो काढा. कुंपणावरून हद्द कधीही मोजू नका. सर्वेवर मागच्या बाजूला पाण्याच्या निचऱ्यासाठी किंवा वाहिन्यांसाठी राखीव पट्टी आहे का, तेही बघा. तिच्यात शेड ठेवता येत नाही असे समजून चाला.

२. सर्वेच्या झेरॉक्सवर शेड मापात काढा, दोन्ही हद्दींपासूनचे अंतर लिहा आणि झोनिंग कचेरीत न्या. "परमिट लागतं का?" एवढेच विचारू नका. "झोनिंगचं लागतं का आणि बांधकामाचं लागतं का?" असे दोन प्रश्न विचारा.

३. अंतर भिंतीपासून मोजतात की छपराच्या कडेपासून, हे विचारून घ्या.

४. सोसायटी असेल तर तिची परवानगी वेगळी. गावाने हो म्हटले म्हणून सोसायटीने म्हटले असे नाही, आणि उलटही नाही.

५. पायासाठी खणायचे असेल तर आधी ८११ ला फोन करा. फुकट असते. न्यू जर्सीत निदान तीन पूर्ण कामाचे दिवस आधी कळवावे लागते, मग ते जमिनीखालच्या गॅस-विजेच्या वाहिन्यांवर खुणा करून जातात.

६. आणि कोणत्याही कागदावर लिहिलेली नाही अशी गोष्ट: शेजारी जाऊन सांगा. "आम्ही इथे शेड ठेवणार आहोत, तुमच्या बाजूला काही अडचण होईल का?" हा प्रश्न मी विचारला असता, तर आजींनी टोमॅटोचा वाफा दाखवला असता.

शेवटी काय झाले

मागच्या बाजूला निचऱ्याची पट्टी आणि बाजूला ५ फूट सोडल्यावर आमच्या अंगणात १० बाय १२ ची शेड बसेचना. आम्ही ती निम्म्याहून कमी किमतीत विकली. घेणाऱ्या कुटुंबाला ह्यांनी इतक्या वेळा "आधी झोनिंगला विचारा" असे बजावले की त्यांना वाटले, शेडमध्येच काही खोट आहे! मग परमिट काढून ८ बाय ८ ची आणली.

१२० फुटांतले सामान ६४ फुटांत मावणार कसे? दोन शनिवार मी गवतावर सगळे मांडून बसले. चाके मोडलेल्या चार बॅगा. एकाच मापाचे तीन कुकर. मुलांचा पाळणा, जो 'लागेल' म्हणून अठरा वर्षे जपला. खरे सांगायचे तर शेड माझ्या नावाची नव्हती, पण भरली होती मी. जवळजवळ निम्मे सामान देऊन टाकले. समाजाची पातेली मंदिराच्या स्वयंपाकघरात गेली, जिथे ती पहिल्यापासून असायला हवी होती. आज त्यातली एकही वस्तू मला आठवून हळहळ वाटत नाही.

आजी गेल्या. जाण्यापूर्वी मी पुन्हा एकदा त्यांच्याकडे गेले. दर क्षमावणीला मी सांगलीपासून शिकागोपर्यंत पन्नास फोन करते, 'उत्तम क्षमा' म्हणते. कुंपणापलीकडे एकदाही गेले नव्हते. तिथे खरोखर क्षमा मागण्यासारखे काही होते, तिथेच नेमकी नाही. त्यांना क्षमावणी काय ते समजावून सांगितले आणि हात जोडले. त्यांनी पायरीवरची एक टोमॅटोची कुंडी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हिला ऊन लागतं हं." माझ्याकडे बोलायला काही नव्हते.

आज हे लिहून झाले की त्या मुलीला फोन करणार आहे. सांगणार आहे की परवा टेबलावर आम्ही सगळ्यांनी तुला अर्धेच सांगितले. आधी सर्वे शोध, मग माझ्याकडे ये, दोघी मिळून झोनिंग कचेरीत जाऊ. आणि मैत्रिणींनो, तुम्हाला कोणी विचारले, तर एवढे करा: "छोट्या शेडला काही लागत नाही" हे वाक्य तुमच्या तोंडून जाऊ देऊ नका.

जय जिनेंद्र.